शेवटचा घोट

लीलाधर बऱ्हाटे बायकोला ‘कशी आहेस?’ असं कधी विचारत नसत. ते विचारायचे, ‘किती?’

सकाळी चहाचा कप हातात घेताना विचारायचे, ती पूजा आटोपून उठली की विचारायचे, जेवायला बसताना विचारायचे. चारूही कमरेच्या पट्ट्यावर एक नजर टाकून आकडा सांगून मोकळी व्हायची. ‘बासष्ट.’ मग भाजी कोणती, नळाला पाणी आलं का, लेकीचा, केतकीचा, फोन आला का, हे सगळं त्या बासष्टनंतर. भुसावळच्या त्यांच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका शेजारणीला बरेच दिवस वाटत होतं, की बऱ्हाटे सर बायकोला वय विचारतात आणि ती बाई दर वेळी वेगळं सांगते.

तो आकडा चारूच्या बॅटरीचा होता, आणि ती बॅटरी चारूच्या हृदयाची.

नऊ वर्षांपूर्वी चारूचं हृदय थकलं. एखादा जुना फुगा सैल पडावा तसं ते सैल पडलं होतं. आणखी दहा वर्षं आधी हे झालं असतं, तर बऱ्हाट्यांना हात चोळत बसण्याखेरीज काही करता आलं नसतं. पण मधल्या काळात तो पंप निघाला होता. अंगठ्याच्या नखाएवढा पंखा. तो चुंबकाच्या जोरावर रक्तातच तरंगत फिरतो, कशालाच टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. छाती उघडायचं कारण नाही. मांडीच्या रक्तवाहिनीतून वर सरकवून हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेऊन ठेवायचा, एक बारीक वायर पोटाच्या कातडीतून बाहेर काढायची, ती कमरेवरच्या डबीला जोडायची आणि डबी बॅटरीला. सरकारी योजनेत आल्यापासून तर तालुक्याच्या गावी, बाजारात, लग्नात, कमरेला पट्टा लावलेली माणसं सर्रास दिसू लागली होती.

मात्र हृदय ठोके देतं, तसे पंखा देत नाही. तो नळाच्या धारेसारखं रक्त सलग वाहवत राहतो. त्यामुळे चारूच्या मनगटाला नाडी लागत नसे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा बऱ्हाटे रात्रभर तिचं मनगट धरून बसले होते. मग हळूहळू त्यांना नाडीच्या जागी दुसरं काही सापडलं. पाठीला कान लावला की आत एक बारीक गुणगुण ऐकू येई. तिच्यावाचून त्यांना झोप लागेनाशी झाली.

‘‘बायको नाही, फ्रिज घेऊन झोपता तुम्ही,’’ चारू म्हणायची.

बऱ्हाटे शाळेत चित्रकला शिकवत होते. बॅटऱ्यांचं वेड त्यांना पंपाच्या आधीपासूनचं. भंगारातून लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या, आतले बोटाएवढे सेल काढून एकेक तपासायचा. लोक म्हणतात बॅटरी मेली. खरं तर तिच्यातला एखादाच सेल मेलेला असतो आणि तो बाकीच्यांना घेऊन बुडतो. बाकीचे वेगळे काढून, मापं जुळवून, निकेलच्या पट्टीने पुन्हा जोडले की नवी बॅटरी तयार. अशा बॅटऱ्यांवर त्यांनी घरातले कंदील चालवले, पंखा चालवला, केतकीची सायकल चालवली. चारू तेव्हा कपाळाला हात लावायची. पुढे पंपाच्या कंपनीने चारूचं मॉडेल बंद केलं, त्याच्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या, आणि ते खूळ एकाएकी घरातला सगळ्यात मोठा आधार होऊन बसलं. चारूच्या चारही बॅटऱ्या आता बऱ्हाट्यांच्या हातच्या होत्या.

निवृत्तीनंतर रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात त्यांच्यासारखेच चार-सहा वेडे जमत. कुणी स्कूटरची बॅटरी दुरुस्त करायला आणी, कुणी घरच्या सौरदिव्याची. असाच मार्चमधला एक रविवार होता. बऱ्हाटे फळ्यावर सेल काढून दाखवत होते. सेलची सावलीसुद्धा रेखाटल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

‘‘सेल ठेवून द्यायचा असेल तर अर्धा भरून ठेवा, गार जागी,’’ ते सांगत होते. ‘‘गच्च भरून ठेवलेला सेल आतल्या आत ताणात असतो. तुम्ही त्याला हातही लावू नका, तरी तो म्हातारा होतो. आणि दुसरं, मोकळ्या सेलच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. रिकामा झालेला सेल, त्याच्यावरचं काम काढून घेतलं की जरा विसावतो आणि त्याचा आकडा आपोआप वर चढतो. बघणाऱ्याला वाटतं, जीव आहे अजून. तो भास असतो. पुन्हा काम दिलं की बसला खाली.’’

त्यांचा घरी विसरलेला चष्मा घेऊन आलेली चारू दाराशी उभी राहून हे ऐकत होती.   घरी आल्यावर तिने गार खोलीतलं कपाट उघडलं. आत तीन बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या, तिन्हींवर शंभराचा आकडा आणि हिरवा दिवा.

‘‘ह्या का भरलेल्या?’’ तिने विचारलं.

‘‘त्या तुझ्या आहेत.’’

‘‘म्हणून त्यांना म्हातारं करायचं? लोकांना सांगता अर्धी ठेवा.’’

‘‘लोकांचे दिवे विझले तर ते अंधारात बसतील, चारू. तुझं तसं आहे का?’’

चारूने कपाट लावलं नाही. त्या हिरव्या दिव्यांकडे बघतच ती म्हणाली, ‘‘मलाही तुम्ही ह्यांच्यासारखंच ठेवलंय. गच्च भरून, गार खोलीत, न वापरता.’’

बऱ्हाट्यांना राग आला. राग अशासाठी, की त्यांनी जिवाचं रान केलं होतं. तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं तिला. शेजारच्या गल्लीतल्या लग्नाला जायचं तरी ते एक बॅटरी खिशात आणि एक पिशवीत घेऊन मागे उभे राहत. तिचं पोहणं बंद झालं, ते पंपामुळे. पण भजनी मंडळ बंद झालं, नाशिकला केतकीकडे जाणं बंद झालं, ते पंपामुळे नव्हतं. ते बऱ्हाट्यांच्या भीतीमुळे होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून राग जरा जास्तच आला.

‘‘काय पाहिजे तुला?’’ ते म्हणाले.

‘‘आखाजीला माहेरी जायचंय. झोका खेळायचाय.’’

खानदेशातल्या बाईला आखाजी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अक्षय्य तृतीया सगळीकडेच असते. इथे ती सासुरवाशिणींची असते. ऐन उन्हाळ्यात लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, मनातलं काय ते झोक्यावर गाऊन घेतात आणि वर्षभराचा दम भरून परत जातात. चारूचं माहेर रावेरकडे, केळीच्या पट्ट्यात, सावखेडं. नऊ वर्षांत एकाही आखाजीला ती गेली नव्हती. दर वर्षी बऱ्हाट्यांचं कारण तयार असे आणि ते खोटंही नसे. आता आखाजीच्या सुमाराला पारा पन्नासाला टेकतो, आणि लिथियमचा सेल उन्हात तापला की आधी शिट्टी मारतो, मग बंद पडतो.

‘‘पन्नास अंशाला तुमचा सेल घाबरतो,’’ चारू म्हणाली, ‘‘मी नाही.’’

 दुसऱ्या दिवशी बऱ्हाटे जळगावला जाऊन एक खोकं घेऊन आले, आणि चारूने काही न विचारता टेबलावरचा पसारा आवरून त्यांना जागा करून दिली.

खोक्यात नवे सेल होते, सोडियमचे. लिथियम दूरदेशी जमिनीतून उकरावं लागतं. सोडियम साध्या मिठातला. हे सेल वजनाला जड, पण त्यांना उन्हाची फिकीर नाही, आणि तळापर्यंत रिकामे केले तरी ते दगावत नाहीत. बऱ्हाट्यांनी एकेक सेल भरून, रिकामा करून, पुन्हा भरून पाहिला. जे जरा कमी पडले ते बाजूला काढले. पट्ट्या जोडताना ते श्वास रोखून धरत. चारू समोर वाटाणे सोलत बसलेली असे.

‘‘मिठाची बॅटरी म्हणता,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे ही तरी मिठाला जागेल.’’

‘‘जागेल. आणि तुला एक गंमत दाखवतो.’’ कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात शाळेतला उत्साह आला होता. ‘‘बाजारातली बॅटरी संपत आली की तिच्यातलं सर्किट सेल वाचवण्यासाठी वेळेआधीच हात वर करतं. एकदा बंद झालं की चार्जर लावल्याशिवाय उठत नाही. मला सेल वाचवायचेच नाहीत. म्हणून मी उलटं केलंय. ही संपली की थांबेल. थांबली की सेल विसावतील, आकडा जरा वर येईल, की सर्किट आपलं आपण पुन्हा सुरू होईल. मिनिटभर पंप चालेल. मग थांबेल. मग पुन्हा. कुणीतरी दुसरी बॅटरी घेऊन धावत येईपर्यंत.’’

‘‘कुणीतरी म्हणजे तुम्हीच ना?’’

‘‘मीच. ह्याला मी शेवटचा घोट म्हणतो.’’

चारूने बॅटरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ‘‘आणि हे बंद करायचं बटण कुठाय?’’

‘‘ठेवलेलंच नाही. चुकून कुणाचा हात लागला तर?’’

चारू हसली. ‘‘यमाला दारात उभं करून ठेवणार म्हणा तुम्ही,’’ ती म्हणाली, आणि वाटाण्यांची परात घेऊन आत गेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते सावखेड्याला पोचले. चारूचा भाऊ वामन दारात उभा होता.  बहिणीला पाहून तो म्हणाला, ‘‘ये बाई. पाय धू आधी. उन्हाचं काई खरं नाई.’’ आणि पिशवी घेण्याच्या निमित्ताने तोंड फिरवून उभा राहिला.

जाण्याआधी चारूने एक अट घातली होती. बॅटरी अर्ध्यावर आली की बदलायची, हा घरचा नियम माहेरी चालणार नाही. ‘‘ती दीड दिवस चालते म्हणता ना? मग चालू द्या तिला. सारखं माझ्या कमरेशी येऊ नका लोकांत.’’ बऱ्हाट्यांनी मान डोलावली होती. आखाजीला दुपारी अंघोळ करून तिने ती नवी मिठाची बॅटरी लावली.

ऊन जरा उतरल्यावर बायका विहिरीजवळच्या निंबाखाली जमल्या. वामनची बायको कोकिळा सगळ्यांत पुढे. दोर जाड होता, फळी नवी होती, हे बऱ्हाट्यांनी सकाळीच जाऊन ओढून पाहिलं होतं. ते छत्री आणि पिशवी घेऊन जरा लांब उभे राहिले. बायकांच्या झोक्याजवळ हा एकटा पुरुष कशाला, असं एका म्हातारीने विचारलंसुद्धा. कोकिळा म्हणाली, ‘‘राहू दे त्यांना. ते पावरहाऊस हायेत.’’ सगळ्याजणी खदखदून हसल्या. बऱ्हाटेही हसले, पण त्यांचा जीव टांगणीलाच होता.

चारू झोक्यावर चढली. कोकिळेने पहिला हात दिला. आधी हळू, मग जरा वर, मग विहिरीच्या काठावरून पलीकडे. पदर खोचलेला, डोळे मिटलेले. तिने एकदम गायला सुरुवात केली. तिचा आवाज चढला, चिरकला, पुन्हा लागला. बऱ्हाट्यांनी तिला असं गाताना लग्न झालं त्या वर्षी ऐकलं होतं. तेव्हा ते भिंतीआड उभे होते.

‘‘किती?’’ त्यांच्या तोंडून निघून गेलं.

‘‘बघितलं नाही!’’ वरून चारू ओरडली.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. तिने बॅटरी पट्ट्यात पालथी अडकवली होती. आकडा पोटाच्या बाजूला, कुणाला दिसू नये असा.

संध्याकाळी अंगणात बाज टाकून दोघं बसली. आमरसाने जड झालेलं पोट, तापलेली जमीन, पाणी मारल्याचा वास. चारूचे तळवे दोराने लाल झाले होते. बऱ्हाट्यांनी ते हातात घेतले. आकडा विचारायचा नाही हे त्यांनी ठरवलं होतं, आणि दुसरं काय विचारायचं हे त्यांना पटकन आठवेना.

‘‘कशी आहेस?’’ शेवटी ते म्हणाले.

चारूने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती हसतच होती.

‘‘अर्धी भरलेली, गार जागी,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे उत्तम.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात कोकिळेबरोबर पुरण वाटत होती. बऱ्हाटे ओसरीवर वामनशी बोलत होते. कोकिळेची हाक आली. त्या हाकेचा सूर असा होता की बऱ्हाटे पिशवी उचलूनच आत धावले.

चारू भिंतीला टेकून बसली होती. पुरणाचा हात तसाच मांडीवर पडला होता. ती काहीतरी सांगू पाहत होती आणि शब्द तोंडातच घोळत होता. बऱ्हाट्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी गुडघ्यावर बसून बॅटरी उलटी केली. सव्वीस.

‘‘सव्वीस आहे, सव्वीस आहे, घाबरू नको,’’ ते म्हणत राहिले. पिशवीतून भरलेली बॅटरी काढली, वायर सोडवली, जोडली, हिरवा दिवा लागला. त्यांचा जीव भांड्यात पडला. मगच त्यांनी मान वर केली. चारूच्या ओठांची उजवी बाजू ओघळली होती. त्या डोळ्याची पापणी अर्धी मिटली होती, आणि दुसऱ्या डोळ्याने ती त्यांच्याकडेच बघत होती.

जळगावला पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती.

डॉक्टर नसरीन तडवी पंपाच्या पेशंटांना सुरुवातीपासून बघत आल्या होत्या. बऱ्हाट्यांच्या हातच्या बॅटऱ्यांकडे त्यांनी इतकी वर्षं काणाडोळा केला होता. अडलेल्या एक-दोघांना हळूच त्यांच्याकडे पाठवलंही होतं. त्या समोर येऊन बसल्या तेव्हा नाशिकहून केतकी येऊन पोचली होती. मधल्या काळात मेंदूच्या तपासण्या झाल्या होत्या, नियमाप्रमाणे पुन्हा एकदा झाल्या होत्या.

‘‘पंपात रक्ताची गुठळी धरते कधीकधी,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘ती सुटून मेंदूत गेली. सर, हे झोक्याने झालं नाही, उन्हाने झालं नाही. घरी बसूनही झालं असतं.’’

‘‘मी आधी बॅटरी बदलली,’’ बऱ्हाटे म्हणाले.

‘‘त्याने फरक पडला नाही.’’

‘‘मी तिच्याकडे बघितलं नाही. आधी आकडा बघितला.’’

 डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. मेंदू गेला आहे. परत येणार नाही. श्वास मशीनचा आहे, रक्त पंपाचं आहे, आणि पंप आता भिंतीतल्या विजेवर आहे. भिंतीतली वीज काही संपत नाही. ‘‘एरवी अशा वेळी हृदय आपणच थांबतं. घरच्यांना काही ठरवावं लागत नाही. पंप असला की तो थांबत नाही. तो थांबवावा लागतो. डबीवर बटण आहे. तुम्ही सांगाल तेव्हा मी दाबेन, किंवा तुम्हाला वाटलं तर तुम्ही.’’

केतकी रडू लागली. बऱ्हाटे उठून खिडकीशी गेले. नऊ वर्षं एकच काम केलेल्या माणसाला त्याच्या नेमकं उलट काम सांगितलं होतं, आणि सांगणारीचं काही चुकत नव्हतं.

‘‘बटण मी दाबणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हीही नाही.’’

‘‘पप्पा...’’

‘‘ऐक केतू. तिच्या अंगावरची बॅटरी माझ्या पिशवीत आहे. झोक्यावर होती ती. सव्वीस उरली होती. मी ती भरलेली नाही. पंप त्या बॅटरीवर लावा. ते उरलेलं तिचं आहे, ते तिला वापरू द्या. संपेल तेव्हा संपेल. मग श्वासाचं मशीन काढा.’’

 ‘‘किती चालेल?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘सकाळी लावली तर दुपार कलेपर्यंत.’’

सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने ती जोडली. इतक्या सवयीने जोडली की केतकीला ते पाहवेना.

मग नुसतं बसणं. चारूच्या तळव्यांवर दोराचे वळ अजून होते. केतकीने आईचे केस विंचरले. वामन आणि कोकिळा येऊन, पायांवर डोकं ठेवून, बाहेर जाऊन बसले. बऱ्हाट्यांनी तिच्या छातीला कान लावला. गुणगुण तशीच होती, भुसावळच्या घरात असायची तशीच. ते तिच्याशी बोलले. काय बोलले ते केतकीला नीट ऐकू आलं नाही. झोका, भिंत आणि गाणं एवढे शब्द कळले.

सव्वीसचे वीस झाले, पंधरा झाले. दहावर बॅटरीने शिट्टी मारली, आणि बऱ्हाट्यांचा हात आपणहून पिशवीकडे गेला. पिशवीत भरलेली बॅटरी होती. हात चेनपर्यंत पोचला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी तो परत ओढला, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसले. शिट्टी वाजत राहिली. नर्सने ती बंद करू का विचारलं. ते म्हणाले, ‘‘वाजू द्या.’’

बॅटरी त्यांनी फार चांगली बनवली होती. दुपार कलली तरी ती चालतच होती. तीनवर बराच वेळ थांबली. दोनवर त्याहून जास्त. केतकीने एकदा रडवेल्या आवाजात विचारलं, ‘‘पप्पा, अजून किती?’’ आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आकडा सांगता आला नाही.

मग गुणगुण थांबली. आवाज इतका बारीक होता की तो असल्याचं थांबल्यावरच कळावं. डॉक्टर तडवी पुढे आल्या. केतकीने वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बऱ्हाट्यांनी मांडीखालचे हात काढले आणि त्यांना वाटलं, संपलं. बटण न दाबता संपलं. नर्सने श्वासाच्या मशीनकडे हात नेला.

आणि गुणगुण पुन्हा सुरू झाली.

‘‘पप्पा!’’ केतकी ताडकन उठली. ‘‘पप्पा, चालू झाला! मम्मी... डॉक्टर, बघा ना, आपोआप चालू झाला! पप्पा, दुसरी लावा ना, लवकर लावा!’’

डॉक्टरही क्षणभर चपापल्या. त्यांनी बऱ्हाट्यांकडे पाहिलं. बऱ्हाटे जागचे हलले नव्हते. स्वयंपाकाच्या टेबलापाशी, वाटाण्यांच्या टरफलांत ठेवलेली ती बॅटरी त्यांना दिसत होती आणि स्वतःचा तो आनंदी आवाज ऐकू येत होता. दुःखाच्या भरात ते विसरूनच गेले होते.

‘‘तो भास आहे, केतू,’’ ते म्हणाले. ‘‘सेल विसावले की आकडा वर येतो. मीच तसं करून ठेवलंय.’’

‘‘पण ती...’’

‘‘ती नाहीये ह्यात. हे तिचं नाही. माझं आहे.’’

मिनिटभराने पंप थांबला.  जरा वेळाने तो पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा थोडा दमलेला. असा तो किती वेळा उठेल, हे बऱ्हाट्यांना ठाऊक होतं. मरू द्यायचं नाही म्हणून त्यांनी तो शेवटचा घोट बनवला होता, आणि तो मरू देत नव्हता. कुणीतरी धावत येईपर्यंत तो असाच उठत राहणार होता. आणि येणारं कुणीतरी म्हणजे तेच होते.

त्यांनी चारूच्या कपाळावर हात ठेवला. मग वाकून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून, त्यांनी वायर बॅटरीतून ओढून काढली. ती सहज निघाली. ती सहज निघावी, घाईत अडू नये, म्हणून त्यांनीच ती घासून गुळगुळीत केली होती.

खोली शांत झाली. डॉक्टरांनी मान हलवली, नर्सने मशीन काढलं. केतकी आईच्या कुशीत तोंड खुपसून रडू लागली. बऱ्हाटे बॅटरी हातात धरून तसेच उभे होते. तिच्यावर आता कुठलंच काम उरलं नव्हतं, त्यामुळे आकडा सावकाश वर चढत होता. एक. दोन. चार.

त्यांनी ती टेबलावर पालथी ठेवली आणि ते चारूजवळ जाऊन बसले.